निशाण एकच, कागद दोन: शांबोरचा जाहीरनामा आणि साल्झबर्गचं पत्र

फ्रान्समध्ये राजेशाही परत येता येता कशी राहिली, हे सांगताना एक वाक्य हमखास येतं: "हेन्री चौथ्याचं पांढरं निशाण हेन्री पाचवा सोडू शकत नाही." आणि पुष्कळदा ते १८७३ च्या गाजलेल्या पत्राच्या नावावर खपवलं जातं. खरं तर ते ५ जुलै १८७१ च्या जाहीरनाम्यातलं आहे. पत्र त्यानंतर सव्वादोन वर्षांनी आलं.

दोन्हीखाली सही 'हेन्री' अशीच. हा शांबोरचा काउंट, फ्रान्सवर राज्य केलेल्या बूर्बाँ घराण्याच्या थोरल्या पातीचा शेवटचा वारस; राजपक्षीयांच्या लेखी तोच 'हेन्री पाचवा'. हेन्री चौथा हा त्याचा पूर्वज, या घराण्याचा पहिला राजा. वडिलांचा खून झाल्यावर साडेसात महिन्यांनी, १८२० मध्ये जन्मला. दहा वर्षं पुरी व्हायच्या आत, १८३० च्या क्रांतीत, आजोबा राजा दहावा शार्ल याच्याबरोबर देश सोडावा लागला. पुढे मुक्काम ऑस्ट्रियातल्या फ्रोसडॉर्फच्या वाड्यात.

जाहीरनाम्याची सुरुवात "फ्रेंचहो, मी तुमच्यामध्ये आहे" अशी आहे, आणि तो खरोखरच होता. राजघराण्यांवरची देशबंदी जूनमध्ये उठली, तसा तो शांबोरच्या वाड्यात येऊन राहिला. क्रांतीतून आलेला फ्रान्सचा तिरंगा नको, घराण्याचं पांढरंच निशाण, हे त्याने सांगितलं ते अख्ख्या देशाला. पाळण्यावर हेच निशाण फडकलं, थडग्यावरही त्याचीच सावली असावी, असा सूर. राजपक्षीयांनी कपाळाला हात लावला. पण त्या घडीला कुणी मुकुट घेऊन दारात उभं नव्हतं, त्यामुळे 'पुढचं पुढे पाहू' म्हणायला जागा होती.

१८७३ मध्ये ती जागा उरली नव्हती. ५ ऑगस्टला बूर्बाँच्या धाकट्या पातीचा, म्हणजे ऑर्लेआँ घराण्याचा, पॅरिसचा काउंट स्वतः फ्रोसडॉर्फला गेला आणि दोन पात्यांमधलं जुनं वैर मिटलं. संसदेत राजपक्षाचं बहुमत होतं, राष्ट्राध्यक्ष मॅकमहॉनही त्याच विचाराचा. अडलं होतं फक्त निशाणाचं. ऑक्टोबरच्या मध्यावर शार्ल शेनलाँ हा खासदार साल्झबर्गला शांबोरच्या काउंटला भेटून आला आणि आल्यावर जे गोड बोलला, त्यावरून वर्तमानपत्रांनी तिरंगा मान्य झाल्याचं छापून टाकलं. माझ्या मते खरा घोळ इथे झाला. मध्यस्थाने नकार ऐकला आणि सांगताना त्याची धार काढून टाकली.

पत्र या शेनलाँलाच आहे, साल्झबर्गहून, २७ ऑक्टोबरचं. एकाच्या नावाने लिहिलेलं असलं तरी ३० तारखेला ते 'ल्युनियाँ' या राजनिष्ठ पत्रात छापून आलं. "आज माझ्याकडे माझ्या अब्रूचा बळी मागितला जातो आहे," असं म्हणून काउंट उत्तर देतो की आधीच्या निवेदनांतलं काहीच मागे घेत नाही, काहीच वगळत नाही. म्हणजे नवं असं काही नाही! जाहीरनामा ज्याने नीट वाचला होता त्याला धक्का बसायचं कारण नव्हतं.

दोन्हींत हेन्री चौथा येतो, पण जाहीरनाम्यात काउंट त्याचा आधार घेतो. पत्रात तोच हेन्री त्याच्या अंगावर आलेला दिसतो. तुमच्या त्या पूर्वजाने राज्यासाठी धर्म बदलला, तुम्हाला एक कापड बदलता येत नाही? असा टोमणा त्या काळी चालू होता. काउंटचं उत्तर खोचक आहे: आर्क आणि इव्री या त्याने जिंकलेल्या लढायांतलं निशाण टाकून द्या, असं सांगायला त्या हेन्रीकडे जाण्याची हिंमत कुणी केली असती, आणि त्याला काय धडा मिळाला असता, ते पाहायला आवडलं असतं. "माझी व्यक्ती काहीच नाही, माझं तत्त्व सर्वस्व आहे" हे वाक्य मात्र पत्रातलंच.

जाहीरनाम्याने सौदा लांबला, पत्राने मोडला. नोव्हेंबरमध्ये शांबोरचा काउंट गुपचूप व्हर्सायला, जिथे तेव्हा संसद भरत होती, आला; मॅकमहॉनने भेट नाकारली. २० नोव्हेंबरला संसदेने मॅकमहॉनला सात वर्षांची मुदत दिली; हिशेब असा, की तोवर निपुत्रिक काउंट वारेल आणि पॅरिसचा काउंट गादीवर बसेल. काउंट गेला १८८३ मध्ये. तोवर प्रजासत्ताक रुजलं होतं. सात वर्षांची ती मुदत मात्र फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना २००० सालच्या सार्वमतापर्यंत चिकटून राहिली.

पॅरिसमधल्या प्रवेशासाठी बनवून घेतलेल्या त्याच्या बग्ग्या शांबोरच्या वाड्यात ठेवलेल्या आहेत. ती मिरवणूक निघालीच नाही.