"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?": पाण्याची सवय आणि जुनी मारुती ८००

जुनी मारुती ८०० घेतली की रेडिएटरमधल्या कूलंटबद्दल (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल) पहिला सल्ला ठरलेला: "कूलंट कशाला, साधं पाणी टाका. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" सांगणारा बहुतेक वेळा अनुभवी मिस्त्री असतो, आणि तो मनापासून सांगत असतो. पण हा सल्ला दुसऱ्याच इंजिनांच्या काळातला आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी बोरघाट चढताना बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसायच्या. ड्रायव्हर टोपणावर ओला फडका टाकून वाफ जायची वाट बघायचा आणि मग कॅनमधलं पाणी ओतायचा. अँबॅसिडरचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेड (त्यावरचं झाकण) दोन्ही बिडाचं, भिंती जाड, रेडिएटर तांब्या-पितळेचा. पाण्याने गंज धरायचा, पण सावकाश. गाळ साचला की रेडिएटर उतरवून रॉडिंग (सळ्या घालून नळ्यांची सफाई) करून घ्यायचं, की पुढची काही वर्षं निश्चिंत. त्या इंजिनाला पाणी खरंच चालून जायचं.

कूलंटची गोष्ट मात्र थंड देशांतून सुरू होते. तिकडे हिवाळ्यात रेडिएटरमधलं पाणी गोठून फुगायचं आणि ब्लॉकला तडा जायचा. सुरुवातीला लोक पाण्यात अल्कोहोल मिसळत, पण इंजिन तापलं की ते उडून जाई. इथिलीन ग्लायकॉल हे रसायन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी १८५०च्या दशकातच तयार केलं होतं. ते १९७ अंशांना उकळतं, म्हणून उडून जात नाही. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ते 'अँटिफ्रीझ' म्हणून डब्यांतून विकायला लागलं. ते नाव पक्कं चिकटलं आणि आपला गैरसमजही तिथेच रुजला. बर्फ नाही, तर बर्फावरचं औषध कशाला?

नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, ही गोष्ट विमानवाल्यांच्या लवकर लक्षात आली. स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनात आधी शुद्ध ग्लायकॉल होतं, पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण आलं. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा, असं समजून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) तसंच ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे प्रमाण उगाच पडलेलं नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गणित बदललं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड. ॲल्युमिनियम, बीड, तांबं आणि कल्हईचा डाग (सोल्डरचा जोड) हे सगळे एकाच पाण्यात बुडालेले, म्हणजे आत एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते बिचारं ॲल्युमिनियम. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड त्याला खड्डे पाडतं, बोअरच्या जड पाण्याचा क्षार आतून थर धरतो. म्हणून आपल्या हवेत कूलंटचं मोठं काम गोठण थांबवणं हे नाहीच. त्यातली गंजरोधक द्रव्यं हेच आपल्यासाठी खरं औषध.

माझ्याकडे जुनी ८०० आली तेव्हा मी टोपण उघडलं, तर आत चहासारखं तांबूस पाणी. टोपणाच्या रबरावर बोट फिरवलं, तर चिकट गाळ. वॉटर पंप काढला, तर पाती कडेने कुरतडल्यासारखी. वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी पडत होतं. वाईट वाटलं, कारण बाकी गाडी जिवापाड जपलेली होती.

रंगांचा घोळही इतिहासातूनच आला आहे. जुनी हिरवी कूलंट सिलिकेट, फॉस्फेट अशा क्षारांवर चालत. ती दोनेक वर्षांत थकतात. युरोपात पाणी जड, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं. जपान्यांनी पंपाच्या सीलची काळजी म्हणून सिलिकेट टाळलं. १९९०च्या दशकाच्या मध्याला सेंद्रिय आम्लांवर आधारलेली, जास्त टिकणारी नारिंगी-गुलाबी कूलंट आली. पण रंग हा फक्त रंग असतो, त्याचं कुठलंही मानक नाही. बाटलीवर आयएस ५७५९ हे भारतीय किंवा जेआयएस के २२३४ हे जपानी मानक लिहिलंय का, ते बघा. जुन्या ८००ला साधं हिरवं कूलंट पुरतं, फक्त ते दर दोन वर्षांनी बदला आणि दोन जातींची सरमिसळ करू नका. पाणी डिस्टिल्डच घ्या.

अजून एक जुनी सवय म्हणजे गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकणं. त्याने इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. दुखणं पुष्कळदा टोपणात असतं. ०.९ बारचं टोपण धड असेल तर साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की तो दाब टिकत नाही, आणि घाटात तापमानाचा काटा वर चढतो. टोपण बदलायला फारसा खर्च नाही, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) उडालं तर मात्र सगळं इंजिन उघडावं लागतं.

कूलंट बदलताना इंजिन पूर्ण गार होऊ द्या, खालून सगळं काढा, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, मग मिश्रण भरा आणि टोपण उघडं ठेवून, फॅन एकदा लागेपर्यंत इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. काढलेलं कूलंट बादलीत उघडं ठेवू नका. ते गोडसर लागतं, गल्लीतली कुत्री चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.