गोमुख (युफोनियम)

पितळेचं, मांडीवर किंवा छातीशी धरून वाजवायचं, तीन-चार व्हॉल्व्हचं (म्हणजे दाबली की नळीची लांबी बदलणाऱ्या कळांचं), मंद्र आवाजाचं सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य. नागपुरात याला दोन नावं चालतात. लग्नाच्या वरातीत आणि लष्करी बँडमध्ये ते युफोनियम, आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घोषात (संघाच्या वाद्यपथकात), म्हणजे विजयादशमीच्या पथसंचलनात वगैरे, तेच गोमुख. वऱ्हाडी मंडळी मात्र सरसकट बाजा म्हणून मोकळी होतात.

युफोनियम हे नाव ग्रीकमधलं, 'यु' म्हणजे चांगला आणि 'फोनी' म्हणजे आवाज, थोडक्यात सुस्वर. पण हे नाव आधी पितळी वाद्याचं नव्हतंच, 1790 च्या सुमारास ध्वनिशास्त्रज्ञ क्लाडनीने ओल्या बोटांनी घासून वाजवायच्या काचेच्या कांड्यांचं एक वाद्य केलं त्याला युफोन म्हटलं होतं. पितळी वाद्याचं श्रेय सहसा जर्मनीतल्या वायमारच्या झोमरला देतात, साल 1843 च्या आसपासचं. त्याआधी 1838 मध्ये बर्लिनच्या मोरिट्झने टेनर ट्यूबा बनवला होता आणि पॅरिसचा अडॉल्फ सॅक्सही त्याच काळात सॅक्सहॉर्न घेऊन आला, ही दोन्ही अशीच व्हॉल्व्हची पितळी वाद्यं, म्हणून जनक कोण यावर वाद आहे. नाव झोमरकडून आणि घडण बर्लिनकडून, असं मानणं जास्त सोयीचं वाटतं.

आता गोमुख. घोषातली बरीच नावं संस्कृत आहेत, त्यातली पणव, आनक आणि गोमुख ही तिन्ही गीतेच्या पहिल्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकात एकाच समासात येतात, 'पणवानकगोमुखाः'. घोष 1927 च्या सुमारास नागपुरात सुरू झाला असं सांगतात. घोषात पणव म्हणजे बास ड्रम, आनक म्हणजे साइड ड्रम.

पण महाभारतातलं गोमुख नेमकं कसलं वाद्य, इथे भाष्यकार आणि भाषांतरकार एकमत नाहीत. बरेच जण शिंग किंवा नरसिंगा (फुंकायचं मोठं शिंग) असा अर्थ घेतात, गीता प्रेसच्या हिंदी अनुवादातही नरसिंघेच आहे. उलट बाजूने असं म्हणता येतं की समासातले आधीचे दोन्ही शब्द चर्मवाद्यांचे आहेत, मग तिसरंच तोंडाने फुंकायचं कसं, आणि क्रियापद तर 'अभ्यहन्यन्त' आहे, म्हणजे शब्दशः ठोकली गेली, बडवली गेली. हा मुद्दा पहिल्यांदा वाचताना जोरदार वाटतो, पण त्याच क्रियापदाचा कर्ता शंखसुद्धा आहे आणि शंख काही कोणी बडवत नाही, तेव्हा क्रियापदावरून काही ठरत नाही. राहतो समासातला शेजार, तो पुरावा म्हणून तसा कच्चाच. पुढे रुंद होत जाणारं तोंड बघता शिंगाचा अर्थच जास्त पटतो. तरी एक नक्की, ते आजचं वाद्य नव्हतं, कारण व्हॉल्व्हचं पेटंट जर्मनीत 1818 चं आहे, त्याआधी असं वाद्य होणं शक्यच नाही. म्हणजे नाव जुनं, वाद्य नवीन. 'महाभारतात युफोनियम होतं' असं कोणी ठासून सांगितलं तर ते उलटं वाचन समजावं.

बॅरिटोन या तशाच दिसणाऱ्या पितळी वाद्याशी युफोनियमची गल्लत नेहमी होते. दोन्हींची नळी साधारण 9 फूट, सूर बी फ्लॅट, पण युफोनियमची नळी जास्त शंकूसारखी रुंदावत जाते म्हणून आवाज भरदार आणि गोल येतो. खालचे सूर बरोबर लागावेत म्हणून इंग्लंडच्या ब्लेकलीने 1874 मध्ये व्हॉल्व्हची भरपाईची रचना केली, ती महागाच्या वाद्यांत असते. इंग्रज संगीतकार होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेतला टेनर ट्यूबाचा भाग सहसा यावरच वाजवतात.

इकडे हे वाद्य लष्करी छावण्यांमधून आलं असावं, नागपूरजवळ कामठीची छावणी 1821 ची आहे. वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट-क्लॅरिनेटने गाण्याची ओळ घेतली की युफोनियमवाले ती उचलतात. वाद्यं बहुतेक मेरठच्या जली कोठी भागात बनलेली असतात.

गंगोत्रीजवळचं गोमुख, देवळातलं पाणी पडायचं गोमुख, किल्ल्याचा गोमुखी दरवाजा आणि जपाची गोमुखी यांचा या वाद्याशी नावापलीकडे संबंध नाही.