बदक का पडत नाही?

दिवाळीच्या साफसफाईत मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत पिवळट पडलेला व्हिडिओ गेम, दोन रिमोट, बंदूक आणि '9999999 इन 1' छापलेली कॅसेट. (गेम मोजून पंधरा-वीस, बाकी तेच फिरून फिरून.) वायरी नव्या एलईडी टीव्हीला खोचल्या आणि मारिओ पहिल्याच फटक्यात पळायला लागला. मग भाच्यानं बदकांचा गेम लावला. नळी पडद्याला टेकवून चाप ओढला, तरी एक बदक पडेना.

"मामा, बंदूक बिघडलीया की ओ!"

बंदूक धडधाकट होती. बदललाय तो टीव्ही.

या बंदुकीतून बाहेर काहीच पडत नाही. ती नुसती बघते. नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर. चाप ओढला की गेम एका फ्रेमपुरता, म्हणजे टीव्हीवरच्या एका चित्रापुरता, अख्खा पडदा काळा करतो. पुढच्या फ्रेमला पहिल्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन, त्याच्या पुढच्या फ्रेमला दुसऱ्याच्या जागी. बंदूक फक्त 'उजेड दिसला' किंवा 'नाही दिसला' एवढंच कळवते. कुठल्या फ्रेमला दिसला, यावरून कुठलं बदक पडलं ते गेमला समजतं. आपल्याकडच्या टीव्हीवर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, त्यामुळे डोळ्याला नुसती लुकलुक जाणवते.

मग आधी काळा पडदा कशाला? लबाडी पकडायला. लहानपणी आम्ही बल्बवर नेम धरून बघितला होता. पडदा काळा असतानाही बंदुकीला उजेड दिसतोय म्हटल्यावर गेम काय ते ओळखायचा. शिवाय जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त रेघा ओढायचा. बंदुकीतलं सर्किट नेमक्या त्या गतीच्या लुकलुकीला जुळवलेलं असतं. एलईडी टीव्ही तसा लुकलुकत नाही. वर तो आलेलं चित्र आधी स्वतःच्या मेमरीत घेतो, मोठं करतो, मग दाखवतो. तेवढ्यात गेमनं निकाल लावलेला असतो.

मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीचे अभियंते मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली घडलेला 'फॅमिली कॉम्प्युटर' 15 जुलै 1983 रोजी बाजारात आला. जगभरात त्याचे 6 कोटींवर नग खपले. आमचं खोकं म्हणजे त्याची नक्कल, त्यावर निन्टेन्डोचं नाव शोधून सापडणार नाही. स्क्रू काढून बघितलं तर आत चिपासुद्धा दिसत नाहीत, पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा. मूळ यंत्रातला प्रोसेसर, चित्रं काढणारी चिप, सगळं त्या गोळ्याखाली एकाच चिपेत कोंबलेलं. आमच्या पिढीनं हे यंत्र ओळखलं ते या नकलांमुळेच.

त्या प्रोसेसरच्या हाताशी मेमरी होती 2 किलोबाइट, म्हणजे साधारण दोन हजार बाइट. देवनागरीचं एक अक्षर साठवायला 3 बाइट लागतात, म्हणजे तुम्ही वाचताय तो लेख त्यात भरायचा म्हटलं तर पाव लेखातच जागा संपेल. पहिला अख्खा मारिओ 40 किलोबाइटचा. त्यातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट बघा, चित्र एकच आहे. ढग पांढरा, झुडूप हिरवं. एका आडव्या रेघेवर आठांपेक्षा जास्त हलती चित्रं मावत नसत, म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. आम्ही तेव्हा अडाप्टरला शिव्या घालायचो.

आणि कॅसेटला फुंकर? फुंकरीचा उपयोग काही नव्हता, उलट तोंडातल्या ओलाव्यानं कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कॅसेट काढून परत बसवताना पट्ट्या घासल्या जायच्या आणि गेम चालू व्हायचा. श्रेय मात्र फुंकरीनं लाटलं.

शेवटी उद्यमनगरात चुलतभावाच्या लेथच्या शेडमध्ये वॉचमनच्या खोलीत जुना डब्बा टीव्ही आहे, हे आठवलं. संध्याकाळी खोकं तिकडे नेलं. वॉचमनकाकांनी बातम्या बंद केल्या आणि आधी स्वतःच बंदूक हातात घेतली. पहिल्याच चापाला बदक फडफडत खाली आलं. पुढची दोन सुटली, तसा गवतातून कुत्रा डोकं वर काढून हसायला लागला. भाच्यानं बंदूक ओढून घेतली आणि त्या कुत्र्यावरच चाप ओढत सुटला. कुत्र्यासाठी पांढरा चौकोन काढलेलाच नाही, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.