लॅपटॉपवर चहा सांडला? आधी बंद करा

चहा सांडला की घरातलं माणूस तो फडक्याने पुसतं आणि "चालतोय ना" म्हणून बटण दाबून बघतं. आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येणारे कितीतरी बोर्ड (लॅपटॉपच्या आतली सर्किटची मुख्य पाटी) या बघण्यापायी गेलेले असतात. म्हणून हे पत्रक छापलंय.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बोर्डावर तसंच होतं, फक्त वीज चालू असली की फार झपाट्याने. दोन पिनांच्या मधे ओल राहिली की तांबं विरघळतं, हिरवा थर धरतो आणि शेवटी पिन तुटते किंवा शॉर्ट होतो. चहातली साखर आणि दूध वाळलं तरी जात नाही. पावसाळी हवेत तो चिकटा पुन्हा ओलावतो, म्हणून आठ दिवस बरा चाललेला लॅपटॉप नवव्या दिवशी बंद पडतो.

तेव्हा पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. सॉकेटचा स्विच बंद करून कोरड्या हाताने चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. मग झाकण उघडं ठेवून लॅपटॉप टॉवेलवर तंबूसारखा उलटा ठेवा आणि त्याच दिवशी घेऊन या. बॅटरी आत असेल तर लॅपटॉप बंद असूनही बोर्डाच्या काही भागांत वीज असते. "वाळल्यावर आणतो" असं म्हणू नका. बॅटरी फुगली किंवा तापली असेल तर हात न लावता आधी फोन करा.

तांदळात पुरून ठेवू नका. चिपखालची ओल तांदूळ ओढत नाही, उलट त्याची पूड पोर्टात बसते. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं. पेट्रोल, थिनर, डिओ यांतलं काहीही लावू नका.

आमच्याकडे काय होतं? आधी बॅटरी सोडवतो, मग पंखा, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), स्पीकर काढून बोर्ड मोकळा करतो. चहा असेल तर पहिला हात डिस्टिल्ड वॉटरचा, कारण साखर अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार मागे राहतात. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. ते चिपखालचं पाणी सोबत घेऊन उडून जातं. हे घरी करू नका, त्याची वाफ पटकन पेटते. गरज पडली तर अल्ट्रासोनिक बाथ, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सुटा करणारं द्रवाचं भांडं. मग साधारण ५० ते ६० अंशांवर काही तास वाळवण. वाळल्यावरही लगेच चालू करत नाही. मीटरने शॉर्ट तपासतो आणि पहिली वीज मर्यादित करंटच्या सप्लायवरून देतो, म्हणजे कुठे शॉर्ट राहिला असला तरी जास्त वीज जात नाही.

गेल्या पावसाळ्यात एका ताईंचा लॅपटॉप आला, मसाला चहा सांडलेला. वरून बोर्ड लख्ख. मायक्रोस्कोपखाली स्क्रीनच्या कनेक्टरपाशी मोहरीहूनही बारीक हिरवा ठिपका दिसला. तिथे बॅकलाइटची (स्क्रीनमागच्या दिव्याची) लाइन डेटाच्या पिनांना अगदी खेटून असते. त्यांनी लगेच बंद केला होता म्हणून एक कपॅसिटर (वीज साठवणारा बारीक भाग) बदलून आणि नवा कीबोर्ड घालून भागलं. चालू करून पाहिला असता, तर नुकसान प्रोसेसरपर्यंत जाऊ शकलं असतं.

काय सांडलं ते खरं सांगा, त्यावर धुण्याची पद्धत ठरते. लिंबू सरबत आणि समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट, मिठामुळे. वॉरंटी किंवा विमा असेल तर आमच्याआधी कंपनीला विचारा. सांडलेलं वॉरंटीत सहसा बसत नाही, पण आम्ही उघडल्यावर विम्याचा दावाही अडू शकतो. बोर्ड वाचणार नसेल तर तसं स्पष्ट सांगतो, आणि डिस्क सुटी निघणारी असेल तर त्यातले फोटो-फायली काढून देण्याचा प्रयत्न करतो.

घरी उघडला असेल तर स्क्रू डबीत घालून सोबत आणा. लांब-आखूड वेगळे असतात, आणि चुकीच्या जागी घातलेला लांब स्क्रू बोर्डाला भोक पाडू शकतो.