अमावास्येची सुकती

अमावास्येला समुद्रावर जाऊ नये, हा सल्ला सुट्ट्या लागल्या की व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. मालवणच्या सागरी अभयारण्यातली खडपं (किनाऱ्यालगतचे खडक) बघायची असतील तर मी उलटं सांगेन. पावसाळा टाळा आणि अमावास्या किंवा पौर्णिमाच गाठा. उधाणाची भरती वर चढते तशी सुकतीही, म्हणजे पूर्ण ओहोटीही, खोल जाते आणि एरवी पाण्याखालची खडपं उघडी पडतात.

भरती चंद्राच्या नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त, पृथ्वीच्या केंद्राशी त्याहून कमी, पलीकडे आणखी कमी. म्हणून पाणी दोन्हीकडे फुगतं आणि आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा फरक मात्र घनाच्या. त्यामुळे एवढा थोरला सूर्य, पण फार लांब असल्याने त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे वाटे जुळतात, उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना काटतात आणि भरती कमी चढते, तो भांग. हाच घन सुपरमूनला, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाच्या पौर्णिमेला लावा. चंद्र 4,06,000 किलोमीटरवरून 3,56,000 वर आला की त्याचा भरतीचा जोर जवळजवळ दीडपट होतो. त्यापलीकडचे प्रलय वाहिन्यांवरच येतात.

वेळेसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचे वाजलेले तास (अमावास्या पंधरावी). अष्टमीला भरती सहाला, अमावास्येला सव्वाअकराला. सुकती त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेपाचच्या आसपास. खरं तर भरती दर तिथीला 48 मिनिटं सरकते आणि गावागणिक वेळ बदलते, तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

सुकतीच्या तासभर आधी उतरा. डबक्यातलं समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) बोट लागताच आकसून चिखलाच्या गोळ्यासारखं होतं, म्हणून बोट न लावता बघा. पाय वाळूत किंवा उघड्या कातळावर. तो तपकिरी खरबरीत गोळा दगड नसून जिवंत प्रवाळ असू शकतो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तुटका तुकडाही खिशात घालायचा नाही. दगड उलटू नका. त्याच्या खालचे स्पंज आणि चिकटलेली अंडी उन्हात करपतात.

पाणी वळलं की मात्र रेंगाळू नका. पहिल्या तासात ते जेमतेम बारावा हिस्सा चढतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. आणि खडपांमधल्या सखल घळी आधी भरतात, म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा कोरडी असतानाच परतीची वाट बुडालेली असते.