चेतापेशी सिद्धांत

चेतासंस्था सुट्या पेशींची बनलेली असते आणि डोळा, नाक, त्वचा यांतून निघालेली संवेदना पेशीमागून पेशी ओलांडत मेंदूपर्यंत जाते, असे मांडणारा सिद्धांत. त्याआधी, चेतातंतू एकमेकांत मिसळून त्यांचे अखंड जाळे बनते, हे योझेफ फोन गेर्लाख याचे मत रूढ होते.

सिद्धांताचा आरंभ सामान्यतः १८९१ धरतात. त्या वर्षी बर्लिनच्या व्हिल्हेल्म वाल्डेयर याने ‘न्यूरॉन’ (चेतापेशी) ही संज्ञा रूढ केली. मात्र त्याने मुख्यतः इतरांचेच काम संकलित केले होते. व्हिल्हेल्म हिस याने भ्रूणविज्ञानातून आणि ऑग्युस्त फोरेल याने चेतांच्या ऱ्हासावरून १८८६–८७ च्या सुमारास हाच निष्कर्ष सुचवला होता. पुढे ध्रुवप्रदेशाचा संशोधक म्हणून गाजलेला फ्रित्यॉफ नान्सेन यानेही १८८७ मध्ये जाळ्याविषयी शंका घेतली. परंतु हे पुरावे बव्हंशी अप्रत्यक्ष होते. प्रत्यक्ष दर्शन स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन इ काहाल (१८५२–१९३४) याने १८८८ मध्ये घडवले, म्हणून आरंभासाठी तेच वर्ष अधिक सयुक्तिक वाटते.

त्याचे साधन, म्हणजे पेशी रंगवण्याची पद्धत, मात्र इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी (१८४३–१९२६) याचे. १८७३ च्या या पद्धतीत ऊतक पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कठीण करून सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवतात. मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या फाट्यांसह पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर उठून दिसतात. नेमक्या त्याच का रंगतात, याचा पूर्ण उलगडा अद्याप नाही. काहालने ऊतक दोनदा रंगवले आणि भ्रूण व कोवळी पिले निवडली. त्यांच्या तंतूंवर मेदावरण चढलेले नसते. पक्ष्याच्या अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागील लहान भागात) पुर्किन्ये या मोठ्या चेतापेशीभोवती तंतूंची टोके टोपलीसारखी विणलेली त्याला दिसली. ती पेशीला वेढत होती, पण तिच्यात मिसळत नव्हती. दृष्टिपटल व घ्राणकंद (वासाची संवेदना घेणारा मेंदूचा भाग) यांच्या रचनेवरून त्याने संदेशाची दिशाही ठरवली. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हाही गॉल्जीने आपल्या व्याख्यानात हा सिद्धांत नाकारला.

एडगर एड्रियन व युंगव्हे सॉटरमन यांनी १९२६ मध्ये बेडकाच्या स्नायूतील एकाच संवेदी तंतूतून जाणारे विद्युत आवेग, म्हणजेच संदेश, नोंदवले. ताण वाढवला तरी आवेगाचा आकार तोच राहिला. वाढली ती वारंवारता.

१९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधील सुमारे २० नॅनोमीटरची फट दाखवली. काही पेशी मात्र सूक्ष्म मार्गिकांनी थेट जोडलेल्या आढळल्या. काहालने ज्याचा आधार घेतला त्या दृष्टिपटलातील आडव्या पेशीही त्यांपैकीच.