व्हायरल लोड आणि फायब्रोस्कॅन: मामाच्या रिपोर्टमधले दोन आकडे

मामाचे रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आले, तेव्हा त्यात दोन आकडे होते. एक २३ लाख, दुसरा १४.२. सगळ्यांची पाचावर धारण बसली ती २३ लाख बघून. १४.२ कडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. घाबरायचंच होतं, तर त्याला घाबरायला हवं होतं.

२३ लाख हा व्हायरल लोड. एचसीव्ही आरएनए ही रक्ताची तपासणी, हिपॅटायटिस सी या लिव्हरच्या आजाराचा विषाणू आज रक्तात किती फिरतोय एवढंच सांगते. हा आकडा काही हजारांपासून पाऊण कोटीपर्यंत कुठेही असू शकतो आणि औषध न घेताही वरखाली होतो. लिव्हर किती बिघडलंय याच्याशी त्याचा मेळ बसत नाही. विषाणू अंगात आहे का आणि उपचारानंतर गेला का, एवढ्यासाठीच ही तपासणी. (साध्या अँटिबॉडी टेस्टवर ते कळत नाही. ती बरं झाल्यावरही बहुधा पॉझिटिव्हच येत राहते, आणि पुन्हा घरात रडारड.)

१४.२ हा फायब्रोस्कॅनचा आकडा, किलोपास्कलमध्ये, म्हणजे लिव्हर किती ताठर झालंय त्याचं माप. मामाला १९९१ साली अपघातानंतर रक्त चढवलं होतं. हा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ मध्ये, त्यामुळे तेव्हा रक्तपेढीत सी ची तपासणी सक्तीची नव्हती. लागण बहुधा तिथलीच. तीस वर्षं सूज येत राहिली आणि प्रत्येक वेळी थोडा चिवट व्रण मागे राहिला. हाच फायब्रोसिस.

लालबागच्या आमच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं, तेव्हा इंजिनीअर प्रत्येक पिलरवर एक छोटा हातोडा टेकवून आकडे लिहून घेत होता. वरच्या मजल्यावरून आज किती पाणी गळतंय, हे त्यानं विचारलंही नाही. आतलं काँक्रीट किती टिकलंय, ते त्याला हवं होतं. फायब्रोस्कॅन बघताना मला तोच हातोडा आठवला. उजवा हात डोक्याखाली घेऊन उताणं झोपायचं, बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब टेकवतात आणि टिचकी मारल्यासारखा ठोका बसतो. लिव्हर जितकं ताठर, तितकी ती लहर आतून वेगानं जाते. असे निदान दहा ठोके, आणि त्यांचा मधला आकडा.

पहिल्या खेपेला तपासणी झालीच नाही. मामा परळला उतरून दोन बटाटेवडे खाऊन आला होता. खाल्लं की लिव्हरकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि आकडा फुगतो, म्हणून आधी किमान तीन तास पोट रिकामं लागतं. अपॉइंटमेंटच्या कागदावर मात्र याचा एका शब्दानं उल्लेख नव्हता.

हिपॅटायटिस सी मध्ये ढोबळमानानं ७ च्या आत फारशी काळजी नसते, साडेनऊच्या पुढे व्रण बराच असतो आणि साडेबाराच्या पुढे सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी पार कडक झालेलं लिव्हर, धरतात. पण एसजीपीटी (लिव्हरला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं असेल, तर नुसत्या सुजेनंही आकडा चढतो. म्हणून मामाच्या डॉक्टरांनी आधी प्लेटलेट बघितल्या. त्या कमीच निघाल्या, सिरॉसिसमध्ये बहुधा निघतात तशा.

गोळ्या ठरल्या त्या या १४.२ वरून. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, असेल तर सोफोसबुव्हिर आणि वेलपाटासव्हिर. मामाला दुसरी जोडी मिळाली, बारा आठवडे. २३ लाखांबद्दल डॉक्टर अवाक्षर बोलले नाहीत.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए केला. ‘आढळला नाही’. मामानं मजल्यावर पेढे वाटले. वर्षानं फायब्रोस्कॅन १०.८ आला, तेव्हा तर तो हवेतच होता. साडेबाराच्या खाली आलो, आता सोनोग्राफी बंद!

डॉक्टरांनी ते मोडून काढलं. आकडा उतरला त्यात सूज ओसरल्याचा वाटा मोठा, व्रण तेवढा विरघळलाय असं धरता येत नाही. एकदा सिरॉसिस झालं की विषाणू गेल्यावरही लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. त्यामुळे दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच राहणार.

‘गळती थांबली ना, मग टेकू कशाला?’ मामा घरी येऊन कुरकुरला. आमच्या जिन्याखालचे टेकू चार वर्षांपासून तिथेच आहेत, आणि ते हलवू नका म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं भांडला होता तो मामाच.